मॅकरोनीचा मान

शेजाऱ्यांच्या सणाच्या जेवणासाठी पहिल्या वर्षी माझ्याकडे बर्फ आणण्याचे काम होते. दुसऱ्या वर्षी कागदी ताटल्या आणि पेले आले. तिसऱ्या वर्षी, आपण आता घरच्याच झालो आहोत अशा समजुतीने, मी कोणालाही न विचारता मॅक अँड चीज, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, करून नेले आणि स्वतःची चांगलीच शोभा करून घेतली.

आम्ही राहतो ते रिचमंड, म्हणजे व्हर्जिनिया राज्याची राजधानी. शेजारचे घर एका आफ्रिकन अमेरिकन कुटुंबाचे आहे. त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना, इकडच्या दक्षिणेतल्या रिवाजाप्रमाणे, मी नावाआधी 'मिस' लावून हाक मारते. लिहिताना मात्र त्यांना आजी म्हणणेच मला जवळचे वाटते. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगला, त्यांच्याकडे तीस-पस्तीस माणसे जेवायला असतात. लिंकनने १८६३ साली, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, या सणाची देशभरासाठी घोषणा केली आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायमचा ठरला. सणाच्या चित्रांत भाजलेली टर्की, म्हणजे कोंबडीसारखा पण मोठा पक्षी, मध्यभागी असते. आजींच्या घरीही ती असते, पण तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. ती थोडी कोरडी झाली तर ग्रेव्ही ओतून भागते. मॅक अँड चीज बिघडले तर मात्र त्या वर्षीचे थँक्सगिव्हिंगच बिघडले, असे पुढची कित्येक वर्षे सांगितले जाते.

आपल्या ताटाला डावी आणि उजवी बाजू असते आणि मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला मॅक अँड चीजची जागा शोधताना गोंधळायला होते. नावापुरता तो तोंडी लावण्याचा पदार्थ आहे. दक्षिणेतल्या साध्या खाणावळींत एक मांसाचा पदार्थ आणि तीन 'भाज्या' असे जेवण मिळते आणि त्या भाज्यांच्या यादीत, पालेभाजी आणि घेवड्याच्या शेजारी, मॅकरोनी आणि चीज खुशाल भाजी म्हणून लिहिलेले असते. पहिल्यांदा ती यादी वाचून मला हसू आले होते. पण सणाच्या ताटात आधी जागा राखली जाते ती त्याच्यासाठी; बाकीचे पदार्थ त्याच्या कडेने बसवले जातात. आपल्याकडे होळीच्या ताटात भाताची मूद असते, कटाची आमटी असते, कुरडया-पापड असतात, तरी जेवण ज्याच्या नावाने ओळखले जाते ती पोळी पुरणाचीच असते, तसे काहीसे हे आहे.

आणि पुरण जसे कोणालाही घाटायला देत नाहीत, तसेच हे कोणालाही करू देत नाहीत. "मॅक अँड चीज कोणी केलंय?" हा प्रश्न त्या घरी दारातून आत येता येता विचारला जातो आणि उत्तर ऐकल्यावरच ताटात किती वाढून घ्यायचे ते ठरते. आफ्रिकन अमेरिकन घरांत या प्रश्नावर कितीतरी विनोद रचलेले आहेत. नवख्या सुनेला, नव्या जावयाला किंवा हौशी शेजारणीला बर्फ आणि ताटल्या आणायला सांगण्याची पद्धतही त्यातलीच. मला तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. बर्फ आणायला सांगितले म्हणजे पाहुणीला त्रास नको म्हणून, असा मी सोयीचा अर्थ लावला होता.

मी केलेला पदार्थ तसा पुस्तकी रीतीने केलेला होता. लोण्यात मैदा परतून, त्यात दूध घालून व्हाइट सॉस केला. तो मला लहानपणापासून येत होता, कारण आमच्याकडे पाहुणे आले की 'बेक्ड व्हेजिटेबल' नावाचा प्रकार हमखास व्हायचा आणि त्यावर डब्यातले अमूल चीज किसून पडायचे. इथे मला अमूलपेक्षा भारी काहीतरी करायचे होते. म्हणून दोन वर्षे मुरवलेले चेडर आणले, त्याच्या जोडीला पिशवीतले आयते किसलेले चीज घेतले आणि सॉस खदखदत असतानाच दोन्ही त्यात लोटून दिले. वर तेलाचा तवंग आला आणि खाली वाळूसारखी कचकच राहिली. मॅकरोनी आधीच पूर्ण शिजवलेली असल्यामुळे ओव्हनमध्ये तिचा लगदा झाला. वरून पावाचा चुरा भुरभुरला होता, तो तेवढा छान तांबूस झाला होता.

कोणी काहीही बोलले नाही. आजींनी माझे भांडे टेबलावर इतर भांड्यांच्या रांगेत ठेवले आणि स्वतःचे, नऊ बाय तेरा इंचांचे, कडांना काळपट झालेले जुने काचेचे भांडे त्याच्याशेजारी आणून ठेवले. अर्ध्या तासात त्यांचे भांडे रिकामे झाले. माझ्या भांड्यात तीन चमचे उतरल्याची खूण होती आणि त्यातला एक माझ्या नवऱ्याचा होता. निघताना आजींनी भांडे झाकून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तू बुधवारी ये. दुपारी. हात धुऊन ये."

पुढच्या वर्षी बुधवारी दुपारी मी गेले, तर माझ्यापुढे किसणी आली. चार पौंड चीज किसायचे होते, म्हणजे पावणेदोन किलोंहून थोडे जास्तच. आयते किसलेले चीज त्या घरात येत नाही. पिशवीतल्या किसाचे तंतू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते. ती पोटाला अपायकारक नाही, पण चीजला नीट एकजीव होऊ देत नाही. आजी एवढे शास्त्र सांगत बसल्या नाहीत. "ते पावडर लावलेलं आहे," एवढेच म्हणाल्या, जणू कोणाच्या मेकअपविषयी बोलत असाव्यात. अर्धे चीज मुरलेले, तिखट चवीचे चेडर होते आणि उरलेले मऊ, सहज वितळणारे कोल्बी आणि माँटेरे जॅक. मुरलेल्या चीजने चव येते आणि कोवळ्याने पोत येतो; केवळ मुरलेलेच घातले की माझ्यासारखी फजिती होते.

ती फजिती का होते हे समजायला मराठी माणसाला फार लांब जावे लागत नाही. कढी फुटते त्याच जातीचे हे दुखणे आहे. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचे जाळे कॅल्शियमच्या आधाराने उभे असते आणि स्निग्धांश त्या जाळ्यात अडकून राहतो. चीज मुरत जाते तसे जाळे विरत जाते, म्हणून जुन्या चीजची पकड सैल असते. त्याला एकदम कडक आच लागली की प्रथिने आकसतात, पाणी आणि तूप बाहेर टाकतात आणि हाती उरतो तो चोथा. ताकाला आधी बेसन लावून घेतले आणि सतत ढवळत मंद आचेवर ठेवले तर कढी फुटत नाही, कारण पिठातला स्टार्च प्रथिनांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. व्हाइट सॉसमधला मैदा तेच काम करतो, पण सॉस खदखदत ठेवल्यावर बिचारा मैदा तरी काय करणार? इतकी वर्षे कढी न फोडता केलेल्या मला हे सुचायला हवे होते.

आजींच्या रीतीत मैदाच नाही. दक्षिणेतल्या घरांत दोन्ही पंथ आहेत, सॉसवाले आणि अंडीवाले, आणि आजी कट्टर अंडीवाल्या. एका पौंडाच्या, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, मॅकरोनीला तीन अंडी, आटवलेल्या बिनसाखरेच्या दुधाचे दोन डबे, लोण्याची एक कांडी आणि दोन पौंड चीज, असे एका भांड्याचे प्रमाण. त्या दिवशी दोन भांडी करायची होती. डब्यातल्या दुधातले निम्म्याहून अधिक पाणी आटवून काढलेले असते, त्यामुळे त्यात प्रथिने दाट असतात आणि चीज त्यात फुटण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. मॅकरोनी मिठाच्या पाण्यात, पुडक्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे आधी उतरवायची, म्हणजे उरलेले दूध ती ओव्हनमध्ये पिते. मग एक थर मॅकरोनीचा, एक चीजचा, पुन्हा मॅकरोनी, पुन्हा चीज. वरून अंडी फेटलेले दूध, त्यात मोहरीची पूड आणि मिरपूड. आणि सगळ्यांत वर पापरिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड. पावाच्या चुऱ्याचे नाव काढल्यावर आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. चुरा घालणारी घरे उत्तरेकडे पुष्कळ आहेत आणि मला स्वतःला तो कुरकुरीतपणा आवडतो, पण हे मत मी त्या स्वयंपाकघरात पुन्हा मांडलेले नाही.

३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सियसला, चाळीस मिनिटे. मधोमध भांडे किंचित थरथरत असतानाच बाहेर काढायचे, कारण अंडी जास्त तापली की पाणी सोडतात. नंतर पंधरा-वीस मिनिटे त्याला हात लावायचा नाही. थंडावल्यावर सुरीने वड्या पाडल्या तर त्या उभ्या राहतात. चमच्याने ओघळणारे मॅक अँड चीज आजींच्या मते खोक्यातले, आयते. मला ते पहिल्यांदा कापताना पाहिले तेव्हा खरवस आठवला. तीच थरथर, वडीची तीच स्वच्छ कड.

किसता किसता मी विचारले की हे तुम्ही कोणाकडून शिकलात. त्या म्हणाल्या, "आईकडून. ती तिच्या आईकडून. त्याच्या मागचं आम्हाला कोणी लिहून ठेवलेलं नाही."

त्याच्या मागचे काही थोडे लिहिलेले आहे आणि ते इथून सत्तर मैलांवर आहे. शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनचे माँटिचेलो हे घर आहे. जेफरसनने मॅकरोनी अमेरिकेत आणली, असे अनेक वर्षे सांगितले जाई. ते तितके खरे नाही, कारण मॅकरोनी आणि पार्मेजानचा पदार्थ इंग्लंडमधल्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ सालीच छापला होता आणि इंग्लंडमधली पाककृतींची पुस्तके अमेरिकेतल्या वसाहतींत वाचली जात. जेफरसनने मॅकरोनीच्या यंत्राचे चित्र काढले, नेपल्सहून साचा मागवला, हे खरे. पण आणणारा हात वेगळा आणि रांधणारा वेगळा. जेफरसन १७८४ साली पॅरिसला गेला तेव्हा त्याने आपल्याबरोबर एकोणीस वर्षांच्या जेम्स हेमिंग्जला नेले, फ्रेंच स्वयंपाक शिकवून घेण्यासाठी. जेम्स हा त्याच्या मालकीचा गुलाम होता आणि जेफरसनच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊही होता. दोघांचा बाप एकच. तीन वर्षांत तो जेफरसनच्या पॅरिसमधल्या घराचा मुख्य आचारी झाला. फ्रान्सच्या भूमीवर त्याला स्वातंत्र्यासाठी दाद मागता आली असती. १७८९ साली तो परत आला.

१७९३ साली जेफरसनने त्याला एक करार लिहून दिला: माँटिचेलोला येऊन दुसऱ्या कोणाला तरी आपल्याइतका उत्तम आचारी बनव, मग तू मोकळा. जेम्सने आपला भाऊ पीटर याला तयार केले आणि १७९६ च्या फेब्रुवारीत त्याची सुटका झाली. पीटर मात्र गुलामच राहिला. जाण्याआधी जेम्सने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी आपल्या हाताने लिहून ठेवली. ती अजून जपलेली आहे आणि मी तिची प्रतिमा पाहिली आहे. अक्षर नेटके आहे. पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, त्याने आत्महत्या केली.

मॅक अँड चीज जेम्सनेच अमेरिकेला दिले, असे आता अनेकजण म्हणतात. त्याच्या हातची म्हणून ज्या मोजक्या पाककृती मागे राहिल्या आहेत, त्यांत मी तरी मॅकरोनी पाहिलेली नाही. तरीही जेफरसनचे नाव घेण्यापेक्षा हे म्हणणे सत्याच्या अधिक जवळचे आहे असे मला वाटते, कारण चुलीपाशी कोण उभे होते याबद्दल वाद नाही. १८०२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष जेफरसनकडे जेवायला गेलेल्या मनॅसे कटलर नावाच्या एका धर्मोपदेशकाने 'मॅकरोनी नावाच्या पाय'ची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या एका पदार्थाची, नोंद केली आहे. त्याला ते कांद्याच्या पातीने भरलेले काहीतरी वाटले, चव उग्र आणि नकोशी वाटली. मेरीवेदर लुईसने, पुढे पश्चिमेच्या मोहिमेवर गेलेल्या त्याच लुईसने, त्याला सांगितले की यात कांदा नाही, हा इटालियन पदार्थ आहे. कोणी केला हे त्याने विचारल्याची नोंद नाही. आजींच्या दारात विचारला जाणारा पहिला प्रश्न त्या मेजवानीत कोणाला पडला नाही.

आणि आमचे रिचमंडही यात आहे. जेफरसनच्या जावयाची बहीण मेरी रँडॉल्फ हिने याच शहरात राहण्या-जेवण्याचे घर चालवले आणि १८२४ साली पाककृतींचे पुस्तक छापले. त्यातली मॅकरोनी दूध-पाण्यात उकडायची, मग तिचे, चीजचे आणि लोण्याचे थर लावायचे आणि भट्टीत भाजायचे. आजींच्या भांड्यात अंडी वाढली आहेत, हाच काय तो मोठा फरक. पुस्तकावर नाव मेरीबाईंचे आहे. त्यांच्या चुलीपुढचे हात गुलाम स्त्री-पुरुषांचे होते. ज्या घरांत ही पाककृती दोनशे वर्षे हातोहात चालत आली, त्या घरांत करणाऱ्याचे नाव आधी का विचारतात, याचे हे एकच कारण असेल असे मी म्हणणार नाही. पण ते पुस्तक चाळल्यापासून तो प्रश्न मला नुसता विनोद वाटत नाही.

मधल्या काळात हा पदार्थ खोक्यातही गेला. १९३७ साली, मंदी चालू असताना, क्राफ्ट कंपनीने एकोणीस सेंटांत चार माणसांचे जेवण म्हणून मॅकरोनी आणि चीजची भुकटी बाजारात आणली. आजींना खोक्याविषयी राग नाही; नातवंडांना शनिवारी तेच लागते. त्यांच्या आठवणीत पक्के बसले आहे ते सरकारी चीज. दुधाचे भाव पडू नयेत म्हणून सरकारने विकत घेतलेले चीज गोदामांत साठत गेले आणि १९८१ च्या डिसेंबरात अध्यक्ष रेगनने त्यातले तीन कोटी पौंड गरिबांना वाटण्याचा हुकूम काढला. पाच पौंडांची पिवळी वीट, पुठ्ठ्याच्या खोक्यात. "रांगेत उभं राहायची लाज वाटायची," आजी म्हणाल्या, "पण ते वितळायचं फार छान." ते प्रक्रिया केलेले चीज होते. आपल्या अमूलच्या डब्यासारखेच त्यात क्षार घातलेले असतात. ते केसीनमधले कॅल्शियम धरून ठेवतात आणि म्हणून असे चीज कितीही तापवले तरी सहसा फुटत नाही.

हे शेवटचे संभाषण गेल्या थँक्सगिव्हिंगचे आणि ते माझ्याशी नव्हे, माझ्या आईशी चालले होते. आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी बेताचे येते, आजींना मराठी अजिबात नाही, मध्ये मी दुभाषी. रांगेचे ऐकून आई म्हणाली, "त्यांना सांग, आम्हीपण खाल्लंय तुमच्या सरकारचं." बहात्तरच्या दुष्काळात, ती दहा-अकरा वर्षांची असताना, रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची आणि दुष्काळी कामांवर सुकडी. मिलोच्या भाकरीची चव सांगताना आईने जे तोंड केले त्याचे भाषांतर करावे लागले नाही.

आई माळकरी आहे. तिला अंडे चालत नाही आणि चीजमध्ये वासराच्या पोटातले, दूध घट्ट करणारे रेनेट असते असे कोणीतरी सांगितल्यापासून चीजही नको होते. दुकानात उभी राहून मी एकेक वेष्टन वाचले. इथल्या पुष्कळ चीजमध्ये आता सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेले रेनेट असते, त्यातल्या एका प्रकाराला १९९० साली सरकारी मान्यता मिळाली. इटलीतले अस्सल पार्मेजान मात्र अजून वासराच्या रेनेटचेच असते. चेडरचा केशरी रंग कशाचा, हेही तिने विचारले. शेंद्रीच्या बियांचा, म्हटल्यावर तिचे अर्धे समाधान झाले, आणि अमूलच्या लोण्यातही तोच असतो हे कळल्यावर पूर्ण.

तिच्यासाठी बिनअंड्याचे छोटे भांडे करायला आजींनी मला त्यांच्या ओव्हनमध्ये कोपऱ्यात जागा दिली. टर्की, रताळी आणि दोन मोठी भांडी यांच्या वेळापत्रकात ती जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. अंडी नाहीत म्हणजे पुन्हा मैदा आणि व्हाइट सॉस, माझ्या पहिल्या फजितीची वाट. आई शेजारी उभी होती. सॉस दाट झाला आणि मी किसाची वाटी उचलली, तोच तिने गॅस बंद केला. "कढीत ताक घालतेस का उकळत्यात? निवू दे जरा." मूठमूठ करून चीज घातले. फुटले नाही.

आजींनी चमचाभर चाखून पाहिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. याला मॅक अँड चीज म्हणू नकोस, पण चांगलं आहे." आईला मी फक्त पहिले दोन शब्द सांगितले.

जेवणे झाल्यावर मोठी भांडी भिजत घालायला नेली, तर छोटे भांडे दिसेना. ते मागच्या ओट्यावर होते. कडेला करपून चिकटलेली खरवड आई एका कोपऱ्यातून चमच्याने काढत होती आणि समोरच्या कोपऱ्यात, अंड्याशिवायच्या त्या कशाला तरी नाव न देता, आजींचा चमचा चालू होता.